रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे नेमके काय मोजले?

"रिपोर्ट नॉर्मल आला." एवढे कानावर पडले की आपला जीव भांड्यात पडतो. तो कागद कपाटातल्या साड्यांच्या घडीखाली जातो आणि आपण पुन्हा कामाला लागतो. पण मैत्रिणींनो, त्या कागदावर नेमके काय मोजले होते, कशाने मोजले होते आणि त्या मोजण्यावर कितपत विसंबायचे, असे आपल्यापैकी कितीजणी विचारतात? भाजीवाल्याच्या तराजूचा काटा मात्र आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो! अर्धा किलो वांग्यांसाठी जी चौकसपणाची सवय आहे, ती स्वतःच्या शरीरासाठी का नसावी?

हा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. पण यात आपल्या जिवाभावाचे बरेच काही आहे, आणि त्याचा एक मोठा धडा आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीनेच जगाला दिला आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे आपले व्हायला नको, म्हणून हा लेखनप्रपंच.

दोन शब्द आणि एक तराजू

मी घर सांभाळून एका शाळेत अर्धवेळ शिकवते. शिक्षकांच्या पुस्तकांत परीक्षेच्या धड्यात दोन भारदस्त शब्द येतात : विश्वसनीयता आणि सप्रमाणता. शब्द अवघड आहेत, गोष्ट सोपी आहे.

समजा, तुमच्या घरच्या तराजूवर एकच साखरेची पिशवी तुम्ही तीनदा ठेवली. पहिल्यांदा तो ९५० ग्रॅम दाखवतो, दुसऱ्यांदा १०५०, तिसऱ्यांदा हजार. अशा तराजूवर भरवसा कसा ठेवायचा? त्याला विश्वसनीयता नाही. आता दुसरा तराजू घ्या. तो दर वेळी न चुकता ९५० दाखवतो, पण पिशवीत साखर पुरती एक किलो आहे. हा तराजू इमानदार दिसतो, एकच उत्तर पुन्हा पुन्हा देतो. पण ते उत्तर खरे नाही. त्याला विश्वसनीयता आहे, सप्रमाणता नाही. म्हणजे 'पुन्हा मोजले तरी तेवढेच आले' एवढ्याने काम भागत नाही. जे मोजायचे तेच मोजले गेले का, हा प्रश्न वेगळाच असतो.

वर्गातले उदाहरण सांगते. इतिहासाचा पेपर तपासताना एखाद्या मुलीचे अक्षर मोत्यासारखे असले की हात नकळत सैल सुटतो. दहा शिक्षकांनी तो पेपर तपासला आणि दहाही जणांचा हात सारखाच सुटला, तर गुण जुळतील. पण मोजला गेला तो इतिहास नव्हे, अक्षर! दुखण्याच्या बाबतीतही असेच होते. थकवा आला की आपण म्हणतो, "रक्त कमी झालं असेल." पण थकव्याला कारणे अनेक. डोळ्यांची पापणी ओढून रंग पाहणे हा अंदाज झाला. रक्तातले हिमोग्लोबिन तपासणे हे मोजमाप झाले.

सगळे आकडे एका माळेचे मणी नव्हेत

आता आकड्यांच्या जातीबद्दल थोडेसे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मोजमापाच्या चार श्रेणी सांगितल्या. त्या आजही शिकवल्या जातात, आणि आमच्या हजेरीपटावर त्या सहज सापडतात.

पहिली श्रेणी नावापुरती. हजेरी क्रमांक १७ म्हणजे १६ पेक्षा हुशार, असे कोणी म्हणेल का? तो फक्त ओळखीसाठी. रक्तगट, किंवा तपासणीतले 'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' या जातीचे. त्यांची फक्त गणती करायची, सरासरी काढायची नाही.

दुसरी श्रेणी क्रमाची. वर्गात पहिली, दुसरी, तिसरी. पहिली आणि दुसरी यांत एका गुणाचा फरक असेल, दुसरी आणि तिसरीत वीस गुणांचा. क्रम कळतो, अंतर कळत नाही. शेंगाचटणी 'फिकी, बेताची, झणझणीत' म्हणतो तशातली गोष्ट. कर्करोगाची पहिली, दुसरी, तिसरी, चौथी अवस्था ही याच जातीची. दुसरी अवस्था म्हणजे पहिलीच्या दुप्पट आजार, असा हिशेब मांडता येत नाही. डॉक्टर विचारतात ना, "शून्य ते दहांत दुखणं किती?" तिथे तुमचे आठ आणि तुमच्या जावेचे आठ सारखेच असतील असेही नाही. मात्र तुमचे स्वतःचे आठ चारावर आले, तर दुखणे उतरणीला लागले हे नक्की समजते.

तिसरी श्रेणी सारख्या अंतरांची, पण खऱ्या शून्याविना. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. म्हणून तो दिवस २० अंशांच्या दिवसाच्या दुप्पट गरम झाला असे म्हणता येत नाही; कारण शून्य अंश म्हणजे उष्णताच नाही असे नव्हे.

चौथी श्रेणी खऱ्या शून्याची : वजन, उंची, हिमोग्लोबिन, हजर दिवस. इथे मात्र दुप्पट म्हणजे दुप्पटच.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे आम्हां गृहिणींना कशाला? त्यासाठीच बार्शीला जाऊ या.

बार्शीची गोष्ट

सोलापुरापासून सुमारे ७० किलोमीटरवरच्या बार्शीत १९८२ साली नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभे राहिले. १९८७ साली तिथे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली गावे तिच्यात आली. शहरात नोंदणी म्हणजे रुग्णालयांतले कागद गोळा करणे. पण खेड्यातली बाई रुग्णालयात जातेच कुठे? ती दुखणे अंगावर काढते, आणि एक दिवस 'पोटाच्या आजाराने गेली' एवढेच मागे उरते. म्हणून इथले कार्यकर्तेच गावोगाव फिरू लागले, लक्षणे समजावून सांगू लागले, संशय आला त्यांना तपासायला आणू लागले. जे मोजायचे ते आपण होऊन दारी येत नसेल, तर मोजणाऱ्याने त्याच्या दारी जावे, हा मोजमापातला पहिला धडा.

या नोंदणीने एक कटू सत्य समोर आणले. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग इथल्या बायकांत फार होता. हा आजार एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या दीर्घकाळ राहिलेल्या संसर्गातून होतो. या शोधासाठी जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्गापासून कर्करोगापर्यंत पोचायला बहुधा कित्येक वर्षे लागतात. म्हणजे मध्ये पकडायला वेळ असतो. पण पकडायचा कसा?

तीन तपासण्या, चार गट

बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधल्या लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड अभ्यास हाती घेतला. १९९९ ते २००३ या काळात तपासण्या झाल्या. गावांचे ५२ समूह केले, आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात आल्या. कोणत्या समूहाला कोणती तपासणी, हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवले; प्रत्येक गटाला १३ समूह.

पहिल्या गटाची एचपीव्ही तपासणी. नमुना घेऊन विषाणू आहे का हे प्रयोगशाळेत पाहायचे. दुसऱ्या गटाची पॅप तपासणी. पेशी काचेवर पसरून तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. तिसऱ्या गटाची 'व्हीआयए'. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ केलेले ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देते तेच, लावायचे आणि पांढरा डाग उठतो का ते प्रशिक्षित कार्यकर्तीने नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. चौथ्या गटाला विशेष तपासणी नाही, गावात जी नेहमीची सोय असेल तीच. ज्यांच्यात दोष आढळला त्यांची पुढची तपासणी आणि उपचार झाले. ही तपासणी प्रत्येकीची एकदाच झाली.

बोलावलेल्या दर पाच जणींतल्या जवळजवळ चौघी आल्या. पण हिशेब मांडताना न आलेल्याही आपापल्या गटातच धरल्या. का? तर आपण होऊन येणारी बाई बहुधा आधीच स्वतःची काळजी घेणारी असते. फक्त आलेल्याच धरल्या असत्या, तर श्रेय तपासणीचे की तिच्या स्वभावाचे, हे कसे कळले असते?

काय मोजायचे, तिथेच सारी मेख!

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष २००९ च्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या प्रख्यात नियतकालिकात आले. आता पाहा बरं आकड्यांची गंमत, किंवा खरे म्हणजे गंभीरपणा.

एचपीव्ही गटात ३४,१२६ स्त्रिया. त्यांच्यात कर्करोग सापडला १२७ जणींना. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया. त्यांच्यात ११८ जणींना. दर हजारी पाहिले तर दोन्हीकडे पावणेचारच्या आसपास! एवढाच आकडा हाती घेऊन कोणी म्हणाले असते, "बघा, एवढा खटाटोप करून काय मिळालं? कर्करोग तेवढाच!"

पण 'किती जणींना सापडला' ही नावापुरती गणती झाली : आहे किंवा नाही. आता क्रमाच्या श्रेणीकडे वळा. रोग कोणत्या अवस्थेत सापडला? एचपीव्ही गटातल्या १२७ पैकी ३९ जणींचा रोग दुसऱ्या किंवा त्यापुढच्या अवस्थेत होता. तपासणी न झालेल्या ११८ पैकी ८२ जणींचा! म्हणजे एकीकडे दहांतल्या तिघी, दुसरीकडे दहांतल्या सात.

आणि शेवटी सगळ्यांत खरा प्रश्न : जगल्या किती? एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. हजारी सुमारे एक आणि हजारी सुमारे दोन. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

पाहिलेत ना? तेच गाव, त्याच बायका; पण काय मोजले त्यावर उत्तर बदलले. तपासणीचा हेतू जीव वाचवणे हा असेल, तर 'किती रोगी सापडले' हे माप अपुरे आहे. ते पुन्हा पुन्हा तेवढेच येईल, पण जे मोजायचे तेच मोजणार नाही. आपल्या साखरेच्या दुसऱ्या तराजूसारखे!

डोळ्याचा भरवसा

उरलेल्या दोन तपासण्यांचे काय झाले? पॅप आणि व्हीआयए या गटांत मृत्यू किंवा पुढच्या अवस्थेतले रोगी ठामपणे म्हणता येईल इतके कमी झाले नाहीत. तपासणीत दोष आढळण्याचे प्रमाणही वेगवेगळे होते. व्हीआयएमध्ये सुमारे १४ टक्के, एचपीव्हीमध्ये सुमारे १०, पॅपमध्ये सुमारे ७.

व्हीआयएमध्ये माप घेणारे यंत्र म्हणजे माणसाचा डोळा. एकीला जो डाग पांढरा वाटतो, तो दुसरीला नुसती सूज वाटतो. आकाश भरलेले असले, बॅटरीचा उजेड मंद असला, दिवसातली चाळिसावी बाई असली, की नजर बदलते. पॅपमध्येही काच वाचणारा हात कसलेला लागतो. एचपीव्ही तपासणी प्रयोगशाळेत ठरलेल्या पद्धतीने होते, म्हणून तिचे उत्तर तपासणाऱ्यागणिक फारसे बदलत नाही.

पण म्हणून व्हीआयएला नावे ठेवू नका हं! मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारकाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना नीट शिकवून, त्यांच्या कामावर सतत देखरेख ठेवून, दर दोन वर्षांनी अशी चार वेळा व्हीआयए तपासणी केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. साधे माप, पण शिकलेला डोळा, कडक देखरेख आणि पुन्हा पुन्हा मोजणे! दुधाला एकदा पाहून वळलो तर ऊतू जाते. दोन-तीनदा डोकावणारीचे जात नाही.

त्या चौसष्ट जणी

इथे एक बोचरा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्या गटाची तपासणीच केली नाही, त्यातल्या ६४ जणी गेल्या. त्यांचे काय? या अभ्यासांवर पुढे कडक टीका झाली. पॅप तपासणी उपयोगी आहे हे जगाला माहीत असताना एका गटाला तपासणीविना ठेवणे योग्य नव्हे, असे टीकाकारांचे म्हणणे. संशोधकांचे म्हणणे असे, की त्या काळी गावांत अशी कोणतीच सोय नव्हती. आपल्या परिस्थितीत कोणती तपासणी खरोखर जीव वाचवते हे तुलनेशिवाय कळले नसते.

दोन्ही बाजू आपण ऐकाव्यात आणि आपापले मत ठरवावे. पण मला एक वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली, तिच्या मागे जे पुरावे होते, त्यात धाराशिवच्या गावांतल्या बायकांचा वाटा आहे. त्यांच्या आयुष्यातून जे ज्ञान मिळाले, ते निदान त्यांच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या आपण तरी वापरायला हवे. नाहीतर त्या चौसष्ट जणी कागदावरच्या आकड्याच राहतील.

तर मग आपण काय करायचे?

वयाची तिशी ओलांडली असेल तर ही तपासणी करून घ्या. 'मला काही त्रास नाही' हे कारण होऊ शकत नाही, कारण त्रास नसतानाच तिचा उपयोग सर्वांत जास्त. सरकारी आरोग्य केंद्रांतून तिशीपुढच्या स्त्रियांसाठी व्हीआयए तपासणीचा कार्यक्रम आहे; आपल्या जवळच्या केंद्रात चौकशी करा. जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणी दर ५ ते १० वर्षांनी आणि पॅप किंवा व्हीआयए दर ३ वर्षांनी सुचवते.

रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना न संकोचता चार प्रश्न विचारा : ही तपासणी नेमके काय मोजते? उत्तर चुकण्याची शक्यता कितपत? पुन्हा केव्हा करायची? दोष आढळला तर पुढची पायरी कोणती? एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवा. विषाणू आहे, एवढेच त्याने मोजले. बहुतेकींचा संसर्ग वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. तेव्हा घाबरून रडत बसू नका, आणि पुढची तपासणी टाळूही नका.

उलट, रिपोर्ट चांगला असला तरी पाळीखेरीज रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, पतिपत्नीच्या संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीचे पाणी जाणे, यांतले काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. कोणतेच माप शंभर टक्के अचूक नसते.

घरात मुली असतील तर एचपीव्हीच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. पुण्याच्या सीरम संस्थेची भारतीय बनावटीची लस २०२३ मध्ये बाजारात आली. ९ ते १४ हे वय त्यासाठी उत्तम. मात्र लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तिशीनंतर तपासणी हवीच.

घरातल्या मापांसाठी

रक्तदाब घरी मोजत असाल तर आधी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा. अर्धा तास आधी चहा नको, मोजताना बोलणे नको, हात हृदयाच्या उंचीवर ठेवा. मिनिटभराने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. वजन नेहमी एकाच काट्यावर, एकाच वेळी. साखर तपासलीत तर उपाशीपोटी की जेवणानंतर, हे आकड्याशेजारी लिहाच. नुसत्या आकड्याला अर्थ नाही. दुखणे असेल तर रोज ठरलेल्या वेळी शून्य ते दहांतला आकडा मांडा. दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची चार पाने याला पुरेत.

एक मात्र करा. ही तपासणी एकटीने करायची नसते असे समजा. लाज वाटते, भीती वाटते, वेळ मिळत नाही, आणि दिवस पुढे ढकलला जातो. भिशीच्या मैत्रिणी मिळून जा, सासूबाईंना विचारा, जावेला बरोबर घ्या. घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईलाही आठवणीने सांगा, आणि त्या दिवशीची तिची रजा कापू नका. तिला ते सांगणारे बहुधा दुसरे कोणी नसते.